सूचना : शिशाची वजनं आता नकोत

गळाला लावायची शिशाची वजनं या हंगामापासून बंद करूया. सर्वांत आधी बारीक, चिरलेल्या गोळ्या, म्हणजे चिरेत दोर घालून दाबून बसवतो त्या. बदकं दाणा दळायला तळातले खडे गिळतात आणि त्यातच ही गोळी जाते. पेषणीत, म्हणजे दाणा दळणाऱ्या जठरात, ती घासली जाऊन शिसं रक्तात उतरतं. थंडीत आपल्या तलावांवर येणारी तलवार बदकं, चक्रवाक तळाशी आणि काठाशीच चरतात. ब्रिटनने हंसांचे मृत्यू पाहून 1987 मध्येच 28.35 ग्रॅमपर्यंतच्या बहुतेक शिशाच्या वजनांची विक्री थांबवली.

मग लावायचं काय? लहान गोळीसाठी कथील. मऊ असतं, पकडीने नीट दाबलं जातं. गोळी दातांनी दाबू नका, शिशाची तर मुळीच नाही. मोठ्या वजनासाठी लोखंडी नट चालतो : 8 मिमीचा साधारण 5 ग्रॅम, 10 मिमीचा 11 ग्रॅम. पण नटाचे आटे नायलॉन कापतात, म्हणून आधी तारेची कडी घाला आणि दोर कडीला बांधा. लोखंड शिशापेक्षा हलकं, त्याच वजनाला आकार जवळपास दीडपट. वारा असेल तर एक माप वरचं घ्या. टंगस्टन उत्तम, पण महाग.

वजन दगडात अडकतंच. मुख्य दोर 0.30 मिमी असेल तर वजनाला 0.20 ची वेगळी दोरी बांधा, म्हणजे तेवढीच तुटेल आणि मासा गळासकट दोर ओढत फिरणार नाही.

घरी शिसं वितळवणं पूर्ण बंद, विशेषतः मुलं असलेल्या घरात. जुनी वजनं झाकणाच्या डब्यात घालून पुढच्या बैठकीला आणा. कचऱ्यात टाकू नका. हाताळल्यावर साबणाने हात धुवा, मगच जेवणाचा डबा उघडा.