मॅडम, बीपीच्या नोंदीतलं ते 135 कुठून आलं ते आज सांगतो

आदरणीय मॅडम,
सादर नमस्कार.

नाव लिहिलं तर तुम्ही रागवाल, म्हणून लिहीत नाही. मेडिकल कॉलेजातल्या पीएसएम, म्हणजे सामाजिक आरोग्याच्या विभागाच्या त्या गळक्या कूलरच्या खोलीत ज्यांनी उन्हाळा काढला, त्यांना हे पत्र कुणाला आहे ते बरोबर कळेल.

खरं सांगायचं तर सर्टिफिकेट आणि बायोडाटात एक ओळ, एवढ्याच हिशेबाने मी सुट्टीतल्या संशोधनाच्या त्या फेलोशिपचा अर्ज भरला होता. तुमच्याकडे विद्यार्थ्यांच्या पाच टीम होत्या. ऊसतोडीच्या भाषेत तुम्ही आम्हाला टोळ्या म्हणायचात आणि स्वतःला मुकादम. उचल, म्हणजे कामाआधीची आगाऊ रक्कम, म्हणून चहा-पोहे दिलेत, पण ती कधी वसूल केली नाहीत.

आमच्या टोळीचा विषय ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं आरोग्य. "मे महिन्यात कशाला, थंडीत करू की," असं मीच म्हणालो होतो. बीड जिल्ह्यात वाढलेल्या पोराने हे म्हणावं! तुम्ही हसलात. "थंडीत तांड्यावर जा. म्हातारी माणसं आणि दाराची कुलपं भेटतील." दसरा-दिवाळीला ट्रॅक्टर भरून गेलेली माणसं मार्च-एप्रिलला परत येतात. म्हणजे सुट्टीचे आपले दोन महिने हेच त्या घरी सापडायचे दिवस. हे मला लहानपणापासून माहीत होतं, फक्त अभ्यासाशी जोडता आलं नव्हतं.

प्रश्नावली मी मोठ्या हौसेने केली होती. "गेल्या हंगामात मूत्रमार्गाचा संसर्ग झाला होता का?" पहिल्या दिवशी टीममधल्या दोघी मुलींनी हा प्रश्न घरोघर विचारला आणि सगळीकडून "नाही" आलं. संध्याकाळी आम्ही खूश, की चला, एक त्रास तरी या बायकांना नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः आलात, ओट्यावर मांडी घालून बसलात आणि एका मावशींना विचारलंत, "फडात असताना उन्हाळी लागती का हो?" उन्हाळी म्हणजे लघवीची जळजळ.

मावशींनी कपाळाला हात लावला. "आवो, ती तर पाचवीलाच पुजलीय आमच्या!"

मग आजूबाजूच्या बायका बोलायला लागल्या, त्या थांबेचनात. फडात आडोसा नाही, म्हणून पाणीच कमी प्यायचं. पहाटे अंधारात एकदा जाऊन यायचं, मग थेट अंधार पडल्यावर. अंगात ताप असला तरी कोयता खाली ठेवता येत नाही, कारण खाडा पडला की पैसे कापले जातात. तुम्ही मान वर न करता लिहीत होता. परतताना गाडीत मला एवढंच म्हणालात, "त्यांना आजार माहीत होता, तुझा शब्द माहीत नव्हता." त्या रात्री निम्मी प्रश्नावली खोडली. लिटरच्या जागी तांब्या आला. "आठवत नाही" असा एक रकाना वाढला, कारण तुमच्या मते तेही एक उत्तर असतं.

आता त्या 135 बद्दल.

बीपी घ्यायचं काम माझ्याकडे होतं. आठवडाभराच्या नोंदी तुमच्या टेबलावर ठेवल्या. तुम्ही पेन्सिल फिरवत गेलात आणि एका जागी थांबलात. "पाऱ्याच्या यंत्रावर दोन-दोनच्या खुणा असतात ना रे? मग 135 कुठून आलं?" वर हेही दाखवलंत, की माझे बाकीचे बहुतेक आकडे शून्यावर संपत होते. नीट वाचलं असतं तर दोन, चार, सहा, आठ हेही तितक्याच वेळा यायला हवे होते. माझी मान खाली. तुम्ही पुढे काहीच विचारलं नाहीत. "उद्या सकाळी सहाला निघू," एवढंच.

मॅडम, ते यंत्रातून आलं नव्हतं. रांग मोठी होती, उकाड्याने जीव नकोसा झाला होता, दंडावरच्या पट्ट्यातली हवा सोडताना पहिला ठोका, ज्यावर वरचा आकडा घ्यायचा, तोच निसटला. त्या बाईंना पुन्हा हात पुढे करा म्हणायची लाज वाटली, म्हणून 130 आणि 140 च्या मधलं लिहून टाकलं.

दुसऱ्या दिवशी आपण सगळ्यांचं बीपी पुन्हा घेतलं. पाच मिनिटं स्वस्थ बसवून, पाय जमिनीला टेकवून, हात छातीच्या उंचीवर ठेवून, दोनदा. त्या बाईंचं 168/96 निघालं. साठीला टेकलेल्या, तरी दर हंगामाला फडात जाणाऱ्या. आशाताईंना सोबत घेऊन तुम्ही त्यांना आरोग्य केंद्रात नेलंत, गोळ्या सुरू झाल्या. मी गाडीत मागे बसून होतो. माझं 135 तसंच राहिलं असतं तर त्या 140 च्या आत, म्हणजे आमच्या हिशेबाने ठणठणीत, म्हणून ऑक्टोबरात ट्रॅक्टरवर चढल्या असत्या.

लिखाणाचं फार सांगत नाही. मी शीर्षकात "पाणी कमी पिण्यामुळे उन्हाळी" असं ठोकलं होतं, तुम्ही "मुळे" खोडून "आणि" केलंत. एकदाच जाऊन विचारलेल्या माहितीवरून कारण सिद्ध होत नाही, हे पुस्तकात वाचून पेपरात लिहिलं होतं. कळलं त्या खाडाखोडीत.

बाकीच्या टोळ्यांचं काम पोस्टरवर संपलं, आमचं तुम्ही संपू दिलं नाहीत. माणसं निघायच्या आधी तांड्यावर जाऊन जे सापडलं ते वाचून दाखवायला लावलंत. मी घोकून गेलो होतो: भरपूर पाणी प्या, लघवी रोखू नका. त्याच मावशी म्हणाल्या, "पितो की लेकरा. पर मग जायाचं कुटं, ते बी लिव्हलंय का त्यात?"

मला उत्तर आलं नाही. तुम्ही माझ्या हातातली वही घेतलीत आणि मावशींचं वाक्य त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलंत. वर लिहिलंत, "पुढच्या वर्षीच्या टोळीसाठी."

वही अजून माझ्याकडेच आहे. इंटर्नशिपला तुमच्याच विभागात येतोय, तेव्हा परत करतो.

तुमच्या टोळीतला,
एक अर्धा कोयता
(ऊसतोडीत जोडी म्हणजे एक कोयता, एकटा म्हणजे अर्धा)