आमच्या आंगणवाडीच्या बेनना

बेन, सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत आहे, सूनबाई तुम्हाला वाचून दाखवेल. पण बडोद्यातल्या वाडी, दांडिया बाजार, रावपुरा इथल्या आमच्या मराठी घरांतूनही ते वाचलं जावं, म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

तो पोलिओच्या रविवारनंतरचा सोमवार होता. आम्ही नातवाला बूथवर नेलं नव्हतं, म्हणून तुम्ही लसीचा डबा खांद्याला लावून घरी आलात. सोबत तेडागर मासी, म्हणजे आंगणवाडीच्या मदतनीस होत्या. थेंब पाजलेत, करंगळीला शाई लावलीत आणि निघताना दाराची कडी तुमच्या हातून सुटून दणकन आपटली. सूनबाई स्वयंपाकघरातून डोकावली, ओट्यावरचं मांजर पळालं. नातू मात्र पाठमोरा बसून वाटीवर वाटी ठेवत होता. तुम्ही उंबरठ्यावरून परत फिरलात, कडी मुद्दाम पुन्हा वाजवलीत. त्यानं तिसरी वाटी ठेवली.

"बा, याचे कान तपासून घ्या," तुम्ही मला म्हणालात. तेव्हा तो एक वर्ष आठ महिन्यांचा होता.

बेन, मला फार राग आला होता. त्याचा बाप तीन वर्षांचा होईस्तोवर बोलला नव्हता, असं मी तुम्हाला ऐकवलं. घरात मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी, पोर बिचारं गोंधळलंय, हेही ऐकवलं. एका दवाखान्यात तर "मुलगे उशिराच बोलतात, थांबा" असं सांगितलंच होतं. मला तेच हवं होतं. तुम्ही त्यानंतर तीन वेळा आलात. तिसऱ्या खेपेला कानांचा विषयसुद्धा काढला नाहीत, नुसत्या जमिनीवर बसून त्याच्याशी वाट्या खेळलात. मग ममता कार्ड, ते माय-लेकराच्या तपासण्या-लसींच्या नोंदीचं, उघडून सुनेला विचारलंत, "हाक मारली की वळतो?" ती रडायलाच लागली. तिला कधीचं कळलं होतं. माझ्यासमोर बोलायची सोय नव्हती. हे लिहिताना हात जड होतो, पण लिहायलाच हवं. घरातल्या मोठ्या माणसाच्या एका "थांबा"नं लेकराचे महिने जातात.

आंगणवाडीत डॉक्टरांची गाडी येते, हे मला माहीत नव्हतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे, जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्याचं पथक वर्षातून दोनदा आंगणवाडीत येऊन प्रत्येक मूल तपासतं: जन्मजात व्यंग, कुपोषण, आजार, वाढीतला उशीर. काही आढळलं तर चिठ्ठी देऊन जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं आणि पुढचे उपचार मोफत होतात. हे सगळं कागदावर आहे, पण आमची चिठ्ठी पदराला बांधून आमच्याबरोबर बसमध्ये बसलात त्या तुम्ही.

कानांच्या बेरा तपासणीला मूल गाढ झोपलेलं लागतं. कपाळावर आणि कानामागे तारा चिकटवतात आणि आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्र टिपतं. तो झोपेना. मी अंगाई म्हणायला लागले, म्हणता म्हणता थांबले आणि नुसती पाठ थोपटत राहिले. इतके दिवस तो अंगाईनं झोपतो अशीच माझी समजूत होती. तो झोपायचा माझ्या थोपटण्यानं. दोन्ही कानांना मध्यम ते तीव्र दोष निघाला.

मग ऐकण्याची यंत्रं आली, कानात मऊ लगदा भरून साचे घेतले गेले. कान वाढतो तसा साचा पुन्हा करावा लागतो. स्पीच थेरपीच्या ताईंना मी घाबरत विचारलं, आता घरात एकच भाषा बोलायची का? त्या म्हणाल्या, अजिबात नाही. तुमची जी मायेची भाषा, तीच भरपूर बोला, गुजराती तो गल्लीत शिकेल. दोन भाषांनी मूल मुकं होत नाही, ते न ऐकल्यानं मागे पडतं. मराठी सोडावी लागणार नाही हे ऐकून मी तिथेच डोळे पुसले.

रोज सकाळी मी त्याच्या मागे उभी राहून सहा आवाज काढते: आ, ई, ऊ, म, श, स. ऐकू आला की तो डब्यात एक शेंगदाणा टाकतो. पहिले काही आठवडे 'स'ला हात हलायचा नाही. ज्या दिवशी हलला, त्या दिवशी सूनबाईनं तुम्हाला फोन केला आणि तुम्ही पलीकडून रजिस्टर बाजूला ठेवून "फरी बोलो, फरी बोलो", पुन्हा बोला, म्हणत राहिलात.

जन्मल्यावर महिन्याच्या आत कान तपासावेत, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत, असं ताई सांगतात. त्या हिशेबानं आम्ही उशिराच आलो आणि तो उशीर मला टोचतो. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, याचा आम्हा बडोदेकरांना केवढा अभिमान! पण शाळेच्या आधीची वर्षं कुणाच्या हाती असतात, हे मला तुमच्याकडे पाहून कळलं. गर्भारशीची नोंद, लेकरांच्या पोषक आहाराची बालशक्तीची पाकिटं, वजनकाटा, पोलिओ, सर्वेक्षण, एवढं सगळं दोन बायका सांभाळता आणि त्यातही एका पोरानं मान वळवली नाही, ते तुमच्या नजरेतून सुटत नाही. तुम्हाला मिळतं ते मानधन. पगार म्हणावा असं काम असून त्याला पगार म्हणत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

परवा तुम्ही कडी वाजवलीत तेव्हा सगळ्यांच्या आधी तो दाराशी पोचला. मासींना "माछी" म्हणाला. मासी त्याला कडेवर घेऊन गल्लीभर फिरल्या.

ममता दिवसाला, आंगणवाडीतल्या लसी-तपासणीच्या दिवशी, मी येते आहे. मागच्या गल्लीत नवीन बिऱ्हाड आलंय, त्यांची मुलगी अकरा महिन्यांची आहे, अजून आधाराशिवाय बसत नाही. "थांबू या" म्हणतात. तिच्या आजीशी मी बोलून ठेवलंय, दोघींना घेऊनच येईन.

तुमची,
वाट्यावाल्याची आजी