ताईला पत्र : माझा डोस आणि तुझी तपासणी

प्रिय ताई,
सा. न.

पाळी जाण्याच्या त्रासावर मी हार्मोनची औषधं घेते ती बरी नव्हेत, असा तुझ्या पत्रात आणि फोनवर हल्ली एकच सूर असतो, आणि फोनवर मला त्याचं धड उत्तर देता येत नाही. आई शेजारी बसलेली असते, स्पीकर चालू असतो, आणि मी पाळीचा शब्द काढला की तूच विषय बदलतेस. म्हणून आज लिहायला बसले. आम्ही दोघं इथे इंग्लंडमध्ये मजेत आहोत. नोकरीचं आणि घरचं तुला सगळं माहीतच आहे, ते परत लिहीत नाही. आईला वाचून दाखवशील तेव्हा शेवटचं पान बाजूला ठेव, ते फक्त तुझ्यासाठी आहे.

आधी हे वाच: मी बरी आहे. हार्मोनची औषधं घेते म्हणजे मला काही भलतंसलतं झालंय असं नाही. मागच्या वर्षी तू व्हिडिओवर मला बघून 'किती ओढलीस गं' म्हणालीस, ती मी आता राहिले नाही. तेव्हा रोज रात्री छातीतून वाफ उठायची, ती मानेवरून कानांपर्यंत चढायची आणि केसांच्या मुळाशी घाम फुटायचा. पांघरूण भिरकावावं तर थोड्याच वेळात तोच घाम पाठीवर गार पडायचा आणि हुडहुडी भरायची. मग पुन्हा पांघरूण ओढायचं, पुन्हा वाफ. सकाळी मीटिंगमध्ये समोरच्याचं नाव जिभेवर असूनही आठवायचं नाही. हे सहन करत राहण्यात काही पुण्य आहे असं मला वाटत नाही. आईच्या पिढीने सहन केलं, कारण त्यांना कुणी विचारलंच नाही.

आता तुझा मोठा आक्षेप: 'रक्त न तपासता औषध देतातच कसे?' ही इथली पद्धत मलाही आधी पटली नव्हती, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपल्याकडे डॉक्टरांकडे गेलं की आधी तपासण्यांची यादी हातात पडते, मग निदान, मग औषध. इथे पहिलं बोलणं फोनवरच झालं. डॉक्टरबाईंनी पाळी कधी थांबली, वाफा किती येतात, झोप कशी आहे, लघवीची तक्रार आहे का, मन कसं आहे, घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताची गुठळी झाली होती का, हे सगळं विचारलं. रक्तदाब आणि वजन मागितलं. आणि मग म्हणाल्या, 'तुम्हाला काय करायचं आहे?' मी गप्प. मला वाटलं फोन कट झाला. डॉक्टरने सांगायचं आणि आपण ऐकायचं, अशीच आपली वाढ. पण इथे खरोखर तसंच विचारतात. पर्याय समोर ठेवतात, प्रत्येकाचा फायदा आणि धोका सांगतात, वाचायला माहिती देतात आणि निर्णय तुमच्याकडून घेतात. याला मी आधी बेफिकिरी समजत होते. तसं नाही. रक्त न तपासण्यालाही कारण आहे. पाळी जाण्याच्या काळात हार्मोनची पातळी आज वर तर उद्या खाली अशी हलत असते, एका दिवसाच्या रिपोर्टवरून काहीच ठरत नाही. म्हणून नाइस या इथल्या संस्थेची मार्गदर्शिका सांगते की 45 वर्षांच्या पुढच्या बाईला नेहमीची लक्षणं असतील तर निदानासाठी ही तपासणी नको. डोससुद्धा आकड्यावर ठरत नाही, बाईला कसं वाटतंय त्यावर ठरतो. तेव्हा दुर्लक्ष वगैरे काही होत नाहीये, उलट इतकं बारकाईने मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

गोळीऐवजी पॅच दिला तो बाबांमुळे. त्यांच्या पायात गुठळी झाली होती हे सांगितल्यावर डॉक्टरबाईंनी गोळीचा विषयच सोडला. पोटातून घेतलेलं इस्ट्रोजेन, म्हणजे पाळी गेल्यावर अंगात कमी होणारं हार्मोन, आधी यकृतातून जातं आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवतं. कातडीतून गेलेलं सरळ रक्तात मिसळतं, त्यामुळे नेहमीच्या डोसला गुठळीचा धोका वाढत नाही. पॅच म्हणजे इस्ट्रोजेन असलेली छोटी पारदर्शक चिकटपट्टी. कमरेखाली लावायची, छातीवर कधीच नाही, आठवड्यातून दोनदा बदलायची आणि दर वेळी जागा बदलायची. काढली की कातडीवर डिंकाची चौकट उरते, तिला कपड्याचं सूत चिकटून काळी रेघ तयार होते. थोडं तेल लावून कापसाने पुसलं की जाते. सवयीचं झालंय.

डोस मात्र एका फटक्यात जमला नाही, आणि तू घाबरलीस ती यालाच. सुरुवात 25 मायक्रोग्रॅमने केली. वाफा कमी झाल्या, गेल्या नाहीत. मग 50. झोप लागायला लागली, पण दुपारच्या वाफा अधूनमधून यायच्याच, म्हणून 75 लावून पाहिला. वाफा पार थांबल्या, पण छाती इतकी भरून यायची की कुशीवर झोपता येईना, डोकं धरायचं, आणि चक्क डाग लागायला लागला. मग परत 50 वर आणलं. तू याला 'प्रयोग चाललेत' म्हणालीस. अगं, औषध बसवायची रीतच ही आहे. कमी डोसने सुरू करायचं, शरीराला साधारण तीन महिने द्यायचे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कळत नाही. छाती दुखणं, मळमळ, पाय जड होणं हे बहुतेकींचं पहिल्या काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. नाही ओसरलं तर डोस उतरवतात किंवा प्रकार बदलतात. मी वहीत लिहून ठेवते, किती वाफा, झोप कशी, डाग लागला का. डॉक्टरबाई ती वही बघूनच बोलतात. स्वतःच्या मनाने मी अर्धासुद्धा पॅच कमी-जास्त केलेला नाही, हे तुझ्या समाधानासाठी लिहिते.

पॅचबरोबर रात्री प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनची 100 मिलिग्रॅमची कॅप्सूल असते. नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर गर्भपिशवीचं अस्तर वाढत जातं, आणि तसंच वाढू दिलं तर पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो. प्रोजेस्टेरॉन त्याला लगाम घालतं. म्हणून जिची पिशवी शाबूत आहे तिला दोन्ही घ्यावी लागतात, आणि इस्ट्रोजेनचा डोस बराच वाढवला तर प्रोजेस्टेरॉनही वाढवावं लागतं. मामीची पिशवी काढलेली, म्हणून तिला एकटं इस्ट्रोजेन चाललं. 'मामीला जी गोळी बसली तीच घे ना' असं तू म्हणालीस ते यासाठीच चालणार नाही. ही कॅप्सूल झोपताना घ्यायची आणि रिकाम्या पोटी, कारण जेवणावर घेतली तर ती जास्त शोषली जाते आणि सकाळी डोकं जड राहतं. मला तिने गुंगी येते आणि तेच हवं होतं. काहींना तिने उदास वाटतं, त्यांच्यासाठी गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू असते. मला ती लागली नाही.

आता कॅन्सर. हा शब्द तू लिहिला नाहीस, पण तुझ्या प्रत्येक ओळीमागे तो आहे. ही भीती मुख्यतः 2002 साली पसरली. अमेरिकेत 50 ते 79 वयाच्या बायकांवर एक मोठा अभ्यास चालू होता, तो दोन हार्मोनच्या गोळीपुरता मुदतीआधी थांबवला. त्यात दर वर्षी 10,000 बायकांमागे स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे 8 केसेस जास्त आढळल्या. त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, गोळीतलं प्रोजेस्टेरॉनही निराळ्या जातीचं होतं. धोका शून्य आहे असं मी म्हणत नाही, दोन्ही हार्मोन जितकी जास्त वर्षं घ्यावीत तितका तो थोडा वाढतो. पण साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांत सुरू केलं, तर बहुतेक निरोगी बायकांना फायद्याचं पारडं जड राहतं. मी दर वर्षी याचा पुन्हा विचार करणार आहे, मॅमोग्राफी चुकवणार नाही.

आणि हाडं, ताई. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी इथे होते आणि तू एकटी दवाखान्याच्या बाकावर रात्री काढल्यास. ते माझ्या मनातून जात नाही. पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज झपाट्याने होते, आणि हे हार्मोन घेत असेपर्यंत ती रोखली जाते. आईचं हाड मोडलेलं असल्यामुळे आपल्या दोघींनाही धोका जास्त आहे. उद्या माझ्यासाठी कुणाला असं बसावं लागू नये, हाही माझ्या निर्णयातला एक भाग आहे.

इथून पुढचं आईला वाचू नकोस.

50 वर परत येऊनही माझा डाग पूर्ण थांबलेला नाही. औषध सुरू केल्यावर पहिले सहा महिने, किंवा डोस बदलल्यावर तीन महिने, थोडं अंगावर जाणं नेहमीचं आहे. त्यापुढे चालू राहिलं तर सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघतात. माझ्यासारखी दोन्ही हार्मोन रोज घेणारी असेल तर ते 4 मिलिमीटरपर्यंत असावं. माझी तारीख मिळाली आहे. काळजीचं काही वाटत नाही, डॉक्टरबाईंनाही वाटत नाही, पण तपासल्याशिवाय त्या सोडणार नाहीत, आणि मीही नाही.

हे तुला सांगते आहे ते तुझ्या मागच्या पत्रातल्या एका ओळीमुळे. लघवीच्या जळजळीबद्दल लिहिता लिहिता तू लिहिलंस, 'मागे एकदा जरासा डागही दिसला होता, उष्णतेने असेल.' ताई, मी औषध घेते म्हणून मला डाग लागतो. तू काहीच घेत नाहीस आणि तुझी पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली. तुझा डाग आणि माझा डाग एक नव्हे. पाळी गेल्यावर एकदा जरी रक्त दिसलं, एक थेंब जरी, तरी डॉक्टरांना दाखवायचं असतं. त्यातून तुला साखर आहे आणि वजनही वाढलंय, या दोन्हींमुळे पिशवीच्या अस्तराचा धोका जास्त असतो. घाबरवत नाही. अशा दहापैकी जवळजवळ नऊ जणींत कारण साधं निघतं, कोरडेपणाने पातळ झालेली कातडी किंवा छोटा मस्सा. आणि दहावीचं कारण वेळेत कळलं तर उपचार चांगला होतो. पण तू कितवी हे घरी बसून कळणार नाही.

जळजळीचंही तिथेच सांग. सारखं सारखं लघवीचं इन्फेक्शन होतं ते तुझ्या पाणी न पिण्यानेच होतं असं नाही. इस्ट्रोजेन कमी झालं की तिथली कातडी पातळ आणि कोरडी पडते आणि जंतूंना फावतं. त्यावर आत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम किंवा गोळी असते, पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा. ते अंगात इतकं कमी जातं की बरोबर प्रोजेस्टेरॉन लागत नाही. पण डागाचं कारण कळल्याशिवाय ते सुरू करायचं नाही. क्रम तोच ठेव.

'चिनूचं लग्न होऊन जाऊ दे, मग बघू' हे उत्तर मी आधीच ऐकते आहे. नाही. आधी सोनोग्राफी, मग साड्या. चिनूला मी काही सांगितलेलं नाही, पण महिनाअखेरपर्यंत तुझ्याकडून तारीख आली नाही तर तिला सांगणार आहे. रागावलीस तरी चालेल.

साखरपुड्याला मला यायला जमत नाही. तिकीट माझ्या सोनोग्राफीनंतरचं काढलंय, लग्नाच्या आठवडाभर आधी पोचते आणि मग चांगली राहते. आईची पथ्यं, औषधं, रात्री उठणं तेवढे दिवस माझ्याकडे, तू फक्त पाहुण्यांकडे बघ. आहेराचं काय करायचं ते चिनूलाच विचार, मी तिच्या पसंतीचं घेईन. हॉलच्या आगाऊ रकमेतला माझा वाटा तुझ्या खात्यावर पाठवलाय. त्यातच थोडे जास्त आहेत, ते तुझ्या तपासणीचे. आईच्या एफडीत टाकू नकोस आणि केटररलाही देऊ नकोस. भाऊजींना हिशेब द्यायचा नसेल तर देऊ नकोस, मी बोलेन त्यांच्याशी.

पैसे जमा झाले की कळव, आणि डॉक्टरांची वेळ कोणत्या दिवशीची मिळाली तेही त्याच मेसेजमध्ये लिही. आईला नमस्कार, चिनूला खूप खूप आशीर्वाद.

तुझी
मंगल