गच्चीवरचे छप्पर: नुसते पत्रे बदलू नयेत

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती सदस्य,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था,
श्रीवर्धन, जि. रायगड

दि. २० जानेवारी

विषय: गच्चीवरील शेडचे काम वादळी वाऱ्याचा हिशेब करूनच व्हावे आणि त्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी, याबाबत

सप्रेम नमस्कार.

नोटीस बोर्डावर लावलेली तिन्ही कोटेशन मी नीट वाचली. पत्र्याचा रंग, जाडी, चौरस फुटाचा दर, सगळे त्यांत आहे. पत्रा कशाने धरून ठेवणार, हे मात्र एकातही लिहिलेले नाही. सर्वांत स्वस्त कोटेशन जवळजवळ पक्के झाल्याचे सचिवांकडून कळले, म्हणून हे पत्र तातडीने लिहिते आहे. काम थांबवा असे माझे म्हणणे नाही. चौथ्या मजल्यावर राहते, दर पावसाळ्यात छताखाली बादल्या मांडते, त्यामुळे कामाची निकड मला पुरेपूर माहीत आहे. पण जुन्याच पाइपांवर नवे पत्रे ठोकले जाणार असतील, तर सभासदांनी त्याला संमती देऊ नये असे मला मनापासून वाटते.

३ जून २०२० ची, निसर्ग चक्रीवादळाची दुपार आपण कोणीच विसरलेलो नाही. टाळेबंदीमुळे सगळे घरातच होते. मी जिन्याच्या वरच्या वळणावर उभी होते. आधी समुद्राकडच्या कोपऱ्यातला एकच पत्रा फडफडू लागला. त्याची कड उचलली गेली, वारा आत शिरला, आणि मग शेजारचा, त्याच्या शेजारचा अशी अख्खी रांग सुटली. पत्रे नुसते गेले नाहीत, खालचे पाइप घेऊन गेले. त्यातला एक सांगाडा कुंपण ओलांडून मागच्या वाडीतल्या आजींच्या घरावर पडला. कौले फुटली, वासा मोडला, स्वयंपाकघर उघडे पडले. आजी नुकत्याच माजघरात आल्या होत्या म्हणून बचावल्या. त्यांच्या सुपारी-नारळाची झाडे वादळाने पाडली, त्याला कोणाचा इलाज नव्हता. घरावर पडले ते मात्र आपले छप्पर होते. पुढे आपण कौलांचे पैसे दिले. आजींनी तेव्हा किंवा नंतर आपल्याला एक शब्दही ऐकवला नाही, आणि मला तेच जास्त लागते.

त्यानंतरचे काम घाईत झाले, आणि ती घाई समजण्यासारखी होती. पाऊस डोक्यावर, वीज नाही, पत्र्यांची टंचाई, फॅब्रिकेटर मिळेना. ज्याला मिळेल त्याने ताडपत्री आणि मिळतील ते पत्रे टाकले. आपणही वाकलेले पाइप सरळ करून तेच पुन्हा उभे केले. वर्षही झाले नव्हते तोच मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ आले. ते किनाऱ्यापासून दूर समुद्रातून गुजरातकडे गेले म्हणून आपण सुटलो. पण तेव्हापासून जोराचा वारा असला की रात्रभर पत्रा वाजतो. वाजणारा पत्रा म्हणजे सैल झालेला स्क्रू, एवढे कळायला इंजिनिअर लागत नाही.

तरी दिवाळीत माझा भाचा आला तेव्हा त्याला वर नेले. तो सिव्हिल इंजिनिअर आहे. (हे काम त्याला द्यावे असे मी सुचवत नाही. नात्यातला माणूस या कामात नकोच.) खांबाच्या बेस प्लेटचा (तळाच्या लोखंडी पट्टीचा) एक बोल्ट त्याने हाताने फिरवून दाखवला. तो बोल्ट स्लॅबमध्ये नाहीच, वरच्या ब्रिकबॅट कोब्यात आहे. म्हणजे अख्खी शेड विटांच्या तुकड्यांवर आणि चुना-सिमेंटच्या थरावर विसंबून उभी आहे. पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या) ट्रसला (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याला) टाके मारल्यासारखी वेल्डिंग करून जोडली आहेत आणि त्या टाक्यांवर खाऱ्या हवेने गंज चढला आहे. स्क्रूंचे रबरी वॉशर उन्हाने चिरले आहेत. माझ्या घरात गळते ते त्याच भोकांतून आणि कोब्याच्या भेगांतून.

माझी सारी नोकरी गणित शिकवण्यात गेली, म्हणून एक हिशेब मांडते. वाऱ्याचा वेग मीटर प्रति सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचे, की चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. निसर्ग किनाऱ्यावर आले तेव्हा हवामान खात्याने वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर आणि झोत १३० पर्यंत सांगितला होता. १३० म्हणजे सेकंदाला सुमारे ३६ मीटर. दाब येतो साधारण ७८० न्यूटन, म्हणजे दर चौरस मीटरला ८० किलो वजनाएवढा. आपला बारा फुटी पत्रा जवळजवळ चार चौरस मीटरचा. त्याचे स्वतःचे वजन वीस किलोच्या आत, आणि त्याला वर ओढणारे बळ तीनशे किलोच्या पुढे. त्यात आपली शेड चारही बाजूंनी उघडी. वारा वरून पत्रा ओढतो आणि खालून ढकलतो. कडेला आणि कोपऱ्यांत हा ओढा दुपटीच्या घरात जाऊ शकतो. पहिला पत्रा कोपऱ्यातलाच का सुटला, याचे उत्तर इथे आहे.

म्हणून दरवर्षी मे महिन्यात पत्र्यांवर वाळूच्या गोण्या ठेवण्याचा उपाय मला पटत नाही. तीस किलोची गोणी तीनशे किलोचा ओढा अडवणार नाही, उलट तीही खाली कोणाच्या डोक्यात पडेल. पत्रा जाड घेतल्यानेही प्रश्न सुटत नाही. अर्धा मिलिमीटरऐवजी पाऊण मिलिमीटर घेतला तर वजन फार तर आठ-नऊ किलोंनी वाढेल. पैसा घालायला हवा तो पत्रा धरून ठेवणाऱ्या साखळीवर: पत्र्यापासून स्क्रू, स्क्रूपासून पर्लिन, तिथून ट्रस, खांब, आणि शेवटी इमारतीचे आरसीसी बीम किंवा कॉलम. यातली सर्वांत कच्ची कडी जिथे, तिथून छप्पर जाणार.

हे सगळे आपल्याकडे मानकांत लिहिलेले आहे. वाऱ्याच्या भाराचे भारतीय मानक आयएस ८७५ भाग ३ हे २०१५ मध्ये सुधारले गेले. कमी उंचीच्या घरांची चक्रीवादळाला टक्कर देण्याची ताकद कशी वाढवावी, यासाठी आयएस १५४९८ हे वेगळे मार्गदर्शक मानक २००४ पासून आहे. ८७५ मध्ये वाऱ्याचा मूलभूत वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आणि पणजीसाठी ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १५८ आणि १४० किलोमीटर. आपण या दोन्हींच्या मध्ये आहोत. हे आकडे वाचून मी बराच वेळ गप्प बसले. निसर्गचा जाहीर झालेला झोत या दोन्हींच्या खालचा होता. ते वादळ आपल्या कल्पनेपलीकडचे होते असे आपण आजवर म्हणत आलो, पण मानकाने त्याची कल्पना आधीच केलेली होती. आपली शेड तेवढ्यासाठी बांधलीच नव्हती.

माझी मागणी अशी. कोटेशन मागवण्याआधी परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून ड्रॉइंग करून घ्यावे. आपल्या जागेसाठी वाऱ्याचा कोणता वेग धरला, हे त्यावर स्पष्ट लिहिलेले असावे. खांब कोबा फोडून आरसीसीत बसवावेत, शक्यतो बीम-कॉलमच्या डोक्यावर, आणि ती जागा लगेच वॉटरप्रूफ करावी. पर्लिन नुसत्या टाक्यांवर न ठेवता क्लीट (लोखंडी कोनपट्टी) आणि बोल्टने जोडावीत, खांबांमध्ये तिरके आधार (ब्रेसिंग) द्यावेत. आढ्यापाशी, कडेला आणि कोपऱ्यांत पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू असावा आणि तिथली पर्लिन जवळजवळ असावीत. पत्र्याचे बाहेर आलेले टोक जेमतेम पन्हळीपर्यंत ठेवावे. आता ते दोन फूट लोंबते आहे आणि वाऱ्याला आयताच हात मिळतो. नटबोल्ट, स्क्रू सगळे गॅल्व्हनाइज्ड, समुद्राजवळ चालणारे. आकाराचाही विचार व्हावा. आपल्या जुन्या घरांची चौपाखी छपरे वाऱ्याला दोन पाख्यांच्या छपरापेक्षा चांगली तोंड देतात. नगर परिषदेची परवानगी ओघानेच आली. पुढे या शेडवर सोलर पॅनेल बसवायचे असतील तर त्यांचा भार आजच हिशेबात धरावा, नंतर भोके पाडत बसू नये.

खर्च वाढेल, हे मान्य. पण गच्ची आणि छप्पर सर्वांचे आहे, त्याचा बोजा वरच्या मजल्यावर टाकण्याची जी चर्चा जिन्यात चालते ती उपविधींना धरून नाही. त्यासाठी आपला दुरुस्ती निधी आहे. आर्किटेक्टने मोठी दुरुस्ती म्हणून प्रमाणित केले आणि सर्वसाधारण सभेने ठराव केला, तर सिंकिंग फंडाचाही (मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेल्या निधीचाही) विचार करता येईल. शिवाय आपली इमारत पंधरा वर्षांपुढची आहे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी व्हायला हवे. ते राहून गेले आहे. इंजिनिअर येणारच आहेत तर तेही सोबत उरकावे. विमा पॉलिसीत गच्चीवरची शेड धरली आहे का, तेही खजिनदारांनी पाहावे. एकरकमी पैसे देणे ज्यांना जड जाईल त्यांच्यासाठी सहा हप्ते ठेवावेत. माझा हिस्सा मी ठराव होताच भरेन.

अरबी समुद्रातली वादळे बहुतेक मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात. फयान तर २००९ च्या नोव्हेंबरमध्ये, दिवाळी उरकल्यावर आले होते. म्हणून फेब्रुवारीत सभा, मार्चमध्ये ड्रॉइंग आणि कोटेशन, एप्रिलअखेर काम पुरे, अशी आखणी शक्य आहे. त्यापेक्षा उशीर होणार असेल तर सैल झालेले पत्रे मेच्या आधी उतरवून ठेवावेत. एक पावसाळा गच्ची उघडी राहिली तरी चालेल, मी आणखी दोन बादल्या मांडेन.

आणखी एक विनंती. काम ठरले की मागच्या वाडीत जाऊन आजींना आपल्यापैकी कोणीतरी समक्ष सांगावे. वारा सुटला की त्या अजूनही अंगणात येऊन आपल्या गच्चीकडे बघतात, हे मी माझ्या खिडकीतून पाहते. कोणी येत असेल तर मी सोबत येईन.

सभेच्या नोटिशीची वाट पाहते.

आपली नम्र,
चौथ्या मजल्यावरील सभासद
(निवृत्त शिक्षिका)