आम्हाला पाव ट्रायकोकार्ड हवे आहे

प्रति,
मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

विषय: कोकणातल्या भातावरील खोडकिड्यासाठी मित्रकीटकांचा तालुक्यातच पुरवठा

महोदय,

गणपतीच्या आगेमागे आमचे भात पोटरीत येते. त्यानंतर काही दिवसांनी मळ्यात, म्हणजे सलग खाचरांच्या पट्ट्यात, मधूनमधून पांढरीफटक, ताठ उभी कणसे दिसू लागतात. दाणा भरलेली लोंबी वाकते, ही वाकत नाहीत. ओढली की अलगद हातात येतात. याला आम्ही पळींज म्हणतो. पळींज दिसल्यावर औषधाच्या दुकानाकडे धावण्यात काही अर्थ नसतो, कारण पिवळ्या खोडकिड्याची अळी तोवर खोडात शिरून आपले काम उरकून बसलेली असते. तिला गाठायचे तर ती अंड्यात असतानाच. मादी पतंग पानाच्या शेंड्याजवळ अंड्यांचा पुंजका घालते, वर तपकिरी केसांचे पांघरूण घालते आणि साधारण आठवडाभरात अळ्या बाहेर पडतात. शेतकऱ्याच्या हाती असतो तो एवढाच अवधी.

या अवधीत कामाला येते ती ट्रायकोग्रामा जापोनिकम नावाची परोपजीवी गांधीलमाशी. मिलिमीटरभरही नसते. ती किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते आणि अळीऐवजी त्यातून दुसरी गांधीलमाशी बाहेर येते. ती वाढवायला काही मोठा कारखाना लागत नाही. भरडलेल्या ज्वारी-बाजरीवर तांदळातला पतंग वाढवायचा, त्याची अंडी कार्डावर चिकटवायची आणि ती या गांधीलमाश्यांसमोर ठेवायची. अशा एका ट्रायकोकार्डावर सुमारे 20 हजार अंडी असतात. कार्डाच्या पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचल्या की झाले. शिफारस हेक्टरी 50 हजार ते 1 लाख अंड्यांची, तीही आठवड्या-दहा दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा. म्हणजे दहा गुंठ्यांच्या खाचराला एका वेळी पाव ते अर्धे कार्ड पुरते.

आणि इथेच ही कार्डे वाटण्याची सरकारची योजना अडकते. कार्डावरचा जीव जिवंत आहे, आठ-दहा दिवसांत तो बाहेर पडणारच. थंडीत ठेवून त्याला थोडे दिवस थोपवता येते, निविदा मंजूर होईपर्यंत नाही. एका वर्षी आमच्याकडे कार्डे पोचली तेव्हा निम्म्या गांधीलमाश्या पाकिटातच उडून मेल्या होत्या आणि मळ्यात पळींज लागली होती. कागदावर मात्र वाटप पूर्ण.

दुसरी अडचण कोकणाचीच. अर्ज पोर्टलवर करायचा, सोबत सातबारा जोडायचा. आमच्या सातबाऱ्यावर चुलत्यांची, आत्यांची, त्यांच्या मुलांची मिळून इतकी नावे की कसणारा एक आणि मालक वीस, त्यातले निम्मे विरार-डोंबिवलीला. या अर्जात पाव कार्ड कोणाच्या नावावर टाकायचे? शिवाय पतंगाला बांध कळत नाही. मी माझ्या खाचरात कार्ड लावले आणि शेजाऱ्याने लावले नाही, तर पुढच्या पिढीचे पतंग त्याच्याकडून माझ्याकडे येणारच. म्हणून हे काम अख्ख्या मळ्यात एकाच आठवड्यात व्हायला हवे, मळ्यात कोणाचे किती गुंठे हे न विचारता. व्यक्तीला अनुदान देण्याच्या चौकटीत हे बसत नसेल, तर चौकट बदला.

गांधीलमाशी म्हणजे जादू आहे, असे मी म्हणत नाही. केसाळ पुंजक्यातली खालच्या थरातली अंडी तिच्या हाती लागत नाहीत. कोकणातल्या झडीत पट्ट्या भिजतात, वाहूनही जातात. म्हणून तिच्याबरोबर जुनी कामेही चालू ठेवावी लागतात. लावणीआधी तरव्याचे, म्हणजे रोपांचे, शेंडे खुडले की त्यावरची अंडी तिथेच संपतात. कापणी जमिनीलगत केली आणि मग नांगरट केली की धसकटात लपलेल्या अळ्या मरतात. या दोन्हींना औषधाचे पैसे पडत नाहीत. (म्हणूनच बहुधा यांची जाहिरात कोणी करत नाही.)

उलट विषाची किंमत सगळ्या मळ्याला मोजावी लागते. खोडकिड्यासाठी वर्षानुवर्षे वापरलेले फोरेट 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद झाले. औषधाचे नाव बदलले, सवय गेली नाही. दाणेदार औषध टाकलेल्या खाचराचे पाणी खालच्या खाचरात, तिथून वहाळात आणि शेवटी खाडीत जाते. त्याच पाण्यातून आमचे वलगणीचे मासे पहिल्या पावसात वर चढतात. त्याच पाण्यात बेडूक असतात, वर भातावर चतुर आणि कोळी असतात. हे किडी खाणारे, फुकट राबणारे गडी आहेत. 1986 मध्ये इंडोनेशियाने भातावर 57 कीटकनाशके वापरायला मनाई केली, ती पर्यावरणाच्या प्रेमापोटी नव्हे. फवारणीने तुडतुड्यांचे शत्रू आधी मरत आणि तुडतुडे आणखी माजत, हे तिथल्या सरकारच्या ध्यानात आले म्हणून. त्यानंतर तिथले भाताचे उत्पादन काही कोसळले नाही.

महोदय, दापोलीचे कृषी विद्यापीठ 1972 पासून आहे, भातासाठी कर्जतचे संशोधन केंद्र आहे. गांधीलमाश्यांचे मूळ बीज आणि प्रशिक्षण त्यांनी द्यावे. कार्डे तालुक्यातल्या महिला बचत गटांनी बनवावीत. एक खोली, जाळीच्या पेट्या, फ्रिज आणि हमीची खरेदी एवढेच लागेल. क्रॉपसॅप या सरकारच्या कीड-सर्वेक्षण प्रकल्पात कीड मोजायला माणसे फिरतातच. चौरस मीटरला एक अंडीपुंज दिसला की त्याच दिवशी फोन गटाला जावा आणि दुसऱ्या दिवशी कार्डे मळ्यावर यावीत.

सगळीकडे एकदम करा, असा आग्रह नाही. येत्या खरिपात प्रत्येक तालुक्यात एक सलग मळा घ्या, शेजारचा दुसरा तसाच ठेवा. कापणीआधी दोन्हीकडची पळींज सहायक कृषी अधिकाऱ्याने गावासमोर मोजावी आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावेत. मात्र पतंग वाढवायलाच काही आठवडे जातात, तेव्हा मंजुरी मृगाच्या आधी मिळावी.

आपला,
दक्षिण रत्नागिरीतला एक भातशेतकरी