नाही म्हणायचं तर कागदावर म्हणा

माननीय संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

बँका कर्जाला तोंडी नकार देतात, त्याबद्दल लिहितेय. मी सोलापूरची. घरीच शेंगा चटणी आणि कडक भाकरी करून विकते, आता सात वर्षं होतील. माझ्याबरोबर गल्लीतल्या चार बायका असतात, त्यातल्या दोघी आधी विड्या वळायच्या. दाणे भाजणं, टरफलं पाखडणं, भाकरी मंद आचेवर कडक करणं सगळं आम्ही पाच जणी मिळून करतो पण चटणी कुटायचं काम अजून उखळातच आहे, कारण मिक्सरला लावली की दाण्याचा नुसता कूट होतो, चटणीला जे तेल सुटायला पाहिजे ते सुटत नाही, सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. दिवसाला बारा-तेरा किलोच्या वर खांदे साथ देत नाहीत. पुण्याहून, हैदराबादहून फोन येतात, गड्ड्याच्या यात्रेच्या वेळेला तर जास्तच, आणि मला निम्म्या लोकांना नाही म्हणावं लागतं.

म्हणून कांडप मशीन घ्यायचं ठरवलं. मशीन, थ्री फेजची लाईन, पॅकिंगचं सीलिंग मशीन आणि थोडा दाण्याचा स्टॉक धरून पावणेतीन लाखाचा हिशोब झाला. छोट्या धंद्यांना कर्ज देणारी केंद्राची मुद्रा योजना आहे, तिच्यात ५० हजारापर्यंत शिशु, तिथून ५ लाखापर्यंत किशोर, १० लाखापर्यंत तरुण, आणि तरुणचं कर्ज नीट फेडलेल्यांना आता २० लाखापर्यंत तरुण प्लस. माझं काम किशोरमध्ये बसत होतं. आधार, पॅन, उद्यमची नोंदणी, फूडचं रजिस्ट्रेशन, कोटेशन, एक वर्षाचं बँक स्टेटमेंट, सगळं फाईलला लावून बँकेत गेले.

पहिल्यांदा साहेब रजेवर. दुसऱ्यांदा म्हणाले यंदाचं टार्गेट संपलं, एप्रिलमध्ये या. एप्रिलमध्ये गेले तर म्हणाले तुमचं सिबिलच नाही, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद. मी म्हटलं साहेब कधी कर्जच काढलं नाही तर सिबिल येणार कुठून, आणि पतसंस्थेचं पिग्मीचं पासबुक पुढे केलं. सात वर्षं रोज दोनशे रुपये, पावसापाण्यात एजंट आला आणि मी भरले, एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी चारशे. साहेबांनी दोन पानं उलटली आणि इथे हे धरत नाहीत म्हणाले. चौथ्यांदा गेले तेव्हा म्हणाले बघू, पण दीड लाखाची एफडी ठेवावी लागेल. दीड लाख माझ्याजवळ असते तर मी पावणेतीन लाख मागायला आले असते का? चारही वेळा फाईल काउंटरवरून सरकत परत माझ्याकडे आली. अर्ज ठेवून घेतला नाही, पोच दिली नाही, नकाराचं अक्षर कुठे लिहिलं नाही. जे काही झालं ते तोंडी.

माझा मुलगा बी.कॉम.ला आहे, त्याने मग नियम शोधून काढले. मुद्राचं कर्ज विनातारण आहे हे तर जाहिरातीतच असतं, पण रिझर्व्ह बँकेचाही आदेश आहे की सूक्ष्म आणि लघु उद्योगांना माझ्याएवढ्या छोट्या कर्जाला तारण घ्यायचंच नाही, आणि एफडी म्हणजे तारणच की. ह्या कर्जांना केंद्राच्या क्रेडिट गॅरंटी फंडाचं संरक्षण मिळतं, म्हणजे हमी सरकारने दिलेली असते, ती बँकेसाठी. आम्हाला पैसे फेडायचेच असतात, आणि फेडायलाच पाहिजेत. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा अर्ज नुसता सिबिलचा इतिहास नाही म्हणून नाकारू नये असंही रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे, २०२५ मध्ये सरकारने संसदेत तेच सांगितलं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं तेही रिझर्व्ह बँकेचंच, २००३ सालापासूनचं आहे. कर्जाच्या प्रत्येक अर्जाची पोच द्यायची आणि नाकारला तर कारण लेखी कळवायचं. आधी ते २ लाखापर्यंतच्या छोट्या कर्जांना होतं, २००७ पासून सगळ्याच कर्जांना लागू केलं. इतकी वर्षं हा नियम आहे आणि आमच्या गल्लीत एकीलाही माहीत नव्हता.

मुद्राला २०२५ च्या एप्रिलमध्ये १० वर्षं झाली. ५२ कोटींच्या वर कर्जं, ३२ लाख कोटींच्या वर रक्कम, आणि त्यात बायकांची खाती दोनतृतीयांशाच्या आसपास. हे आकडे वाचून मला खरंच बरं वाटलं, कारण योजनेमुळे उभी राहिलेली माणसं मी जवळून बघितलीत. माझ्या जाऊबाई भाजीची गाडी लावतात, त्यांना फेरीवाल्यांच्या स्वनिधी योजनेतून आधी १० हजार मिळाले, ते फेडल्यावर २० हजार, मग ५० हजार. कुणी एफडी मागितली नाही. आज त्यांचं सिबिल चांगलं आहे आणि माझं नाहीच. (आता तर पहिलं कर्ज १५ हजार आणि दुसरं २५ हजार केलंय, चांगलंच झालं.) पण माझ्यासारखीचा अर्ज जर घेतलाच नाही तर मी कुठल्या आकड्यात येणार? दिल्लीत बसलेल्या माणसाला वाटणार सोलापुरात मागणारीच कुणी उरली नाही.

दुसरं म्हणजे तोंडी नकारावर एजंट लोक जगतात. बँकेच्या बाहेर चहाच्या टपरीवर मला एकाने गाठलं, दहा टक्के द्या, फाईल पास करून आणतो. उद्यमची नोंदणी सरकारने फुकट ठेवलीय, तरी आमच्यातल्या एकीने त्यासाठी बाराशे मोजलेत. कारण लेखी असतं तर बाईला कळलं असतं की काय कमी आहे, तिने ते पूर्ण केलं असतं, मध्ये कुणाची गरज पडली नसती.

बँकेची बाजू मला कळत नाही असं नाही. मुद्राचे पैसे माफ होतात असं समजून हप्ता न भरणारे लोक आहेत, मी ओळखते असे, आणि त्यांच्यामुळे साहेब लोक हात आखडता घेतात. शाखेत माणसं कमी, काम ढीगभर. माझा धंदा कर्जाच्या लायकीचा नाही असं त्यांचं मत असेल तर ते त्यांनी ठरवावं, पण ते लिहून द्यावं, सही करून, तारीख टाकून.

शेवटी मी फायनान्सवाल्यांच्या गटातून ६० हजार उचलले. दर आठवड्याला हप्ता, व्याज बँकेपेक्षा किती तरी जास्त, आणि एवढ्यात मशीन येत नाही, फक्त दाणे येतात.

जिल्हाधिकारी साहेबांच्या अध्यक्षतेखाली बँकांच्या सल्लागार समितीच्या बैठका होतात, जिल्ह्यातल्या बँकांचं काम जुळवणारी लीड बँक तिथे आकडे मांडते. त्यात शाखेनुसार दोन रकाने वाढवा एवढीच माझी विनंती आहे, किती अर्ज आले आणि किती कुठल्या कारणाने नाकारले. आणि तुम्हाला विनंती अशी की ज्या पानावर मुद्राची जाहिरात छापता त्याच पानावर पोच आणि लेखी कारणाचा नियम एका चौकटीत छापा, मोठ्या अक्षरात, आमच्यातल्या दोघी-तिघींना बारीक दिसत नाही.

सोमवारी मी परत जाणार आहे. अर्जाच्या दोन प्रती काढल्यात, एक त्यांना आणि एकीवर शिक्का मारून मागणार आहे. ह्या वेळी मुलगाही बरोबर येतोय.

आपली नम्र,
एक चटणीवाली, सोलापूर