टक्कल पडलं म्हणून कोंबडी विकू नका

संपादक महोदय,

दिवाळी झाली की आमच्याकडच्या आठवडे बाजारात मानेवर पिसं नसलेल्या गावरान कोंबड्या दिसायला लागतात. व्यापारी त्या निम्म्या भावात उचलतो आणि विकणारी बाईही ‘रोग आला असंल, मरण्यापेक्षा बरं’ म्हणून देऊन टाकते. २००६ साली नवापुरात बर्ड फ्लूपायी कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, ती धास्ती खान्देशातून अजून गेलेली नाही. पण बर्ड फ्लूत कोंबड्या पटापट मरतात, तुरे निळे पडतात. उघड्या मानेनं महिनाभर दाणे टिपत हिंडत नाहीत.

माझ्याकडे बारा कोंबड्या नि दोन कोंबडे. मागच्या वर्षी चौघींची पिसं गेली. शेजारच्या आजी म्हणाल्या, “कोंबडीस्ले नजर लागनी.” दुकानदारानं पावडर दिली. शेवटी एकेकीला मांडीवर घेऊन नीट पाहिलं, तर दुखणी वेगवेगळी.

एकीची मान आणि छाती उघडी, पण कातडीतून नवे कोंब निघालेले. दिवस लहान झाले की जुनी पिसं गळतात. दोन-तीन महिने लागतात, तोवर अंडीही बंद. दोघींच्या फक्त पाठी सोललेल्या, तो पाठीवर चढणाऱ्या नरांचा प्रताप. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो, म्हणून एकाला पाहुण्यांच्या निमित्तानं काळ्या मसाल्यात घातलं. चौथीच्या शेपटीखाली पिसांच्या बुडाशी पांढरट पुंजके चिकटलेले: उवांची अंडी. पावडरीनं उवा मरतात, अंडी नाही. आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावायची असते, हे दुकानदारानं सांगितलंच नव्हतं.

खरा घोळ माझाच होता. कापूस वेचणीला जाताना मुंगसाच्या भीतीनं चौदाही जीव दिवसभर चार बाय तीनच्या खुराड्यात कोंडत होते. नवा कोंब रक्तानं भरलेला, निळसर असतो. एकीनं टोचला, रक्त दिसलं, की बाकीच्या तुटून पडतात. पहिलीची मान त्यांनी रक्तबंबाळ केली. आठवडाभर तिला वेगळी डालग्याखाली ठेवली, हळद-तेल लावलं. अंगणाला जाळी मारली, कोपऱ्यात चुलीची राख नि माती टाकली, त्यात सगळ्या लोळू लागल्या.

आणि खाणं. पीस म्हणजे जवळपास सगळं प्रथिनच, आणि मी नुसती ज्वारीची कणी टाकत होते. मग सुकटीचा चुरा नि बुरशी नसलेली शेंगदाण्याची ढेप सुरू केली. गुरांची सरकी ढेप मात्र घालू नये, अंड्याचा बलक काळपट-हिरवा पडतो. संक्रांतीनंतर पहिलीनं पुन्हा अंडं दिलं.

आपल्या शेतीच्या पानावर पाच-पाच हजार पक्ष्यांच्या शेडची माहिती नेहमी येते. दहा-बारा कोंबड्यावाल्या बायांसाठीही दसऱ्याच्या सुमारास एखादा रकाना द्यावा, बाजारात टोपली भरायच्या आधी.

— एक वाचक, ता. अमळनेर, जि. जळगाव